वळचणीचं पाणी आढ्याला

आमच्या सोसायटीच्या भिंतीवरच्या वासुदेवाचे आधी पाय गेले. मग धोतराचा घोळ गेला, मग चिपळ्या धरलेला हात. मोरपिसांची टोपी मात्र काल रंगवल्यासारखी ताजी राहिली.

गेल्या वर्षी जानेवारीत, सोसायटीला चाळीस वर्षं झाली म्हणून, वर्गणी काढून ठाण्यातल्या आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर आम्ही चित्रं काढून घेतली. वासुदेव, पिंगळा, पोतराज, कडकलक्ष्मी अशी साठ फूट लांब रांग होती. सगळ्यांनी फोटो काढले, वडापाव खाल्ले. पावसाळ्यात भिंत ओलीचिंब व्हायची, पण रंग धड होता. खरा घोळ झाला तो पाऊस गेल्यावर. ऑक्टोबरात ऊन तापलं आणि आठवडाभरात रंगाला फुगे आले. फुगे फुटून पोपडे झाले आणि सकाळी झाडणाऱ्या मावशींच्या सुपलीत वासुदेवाचे पाय निघू लागले.

वर्गणीदारांचा निकाल झटपट लागला: "पोरानं हलका रंग वापरला." चित्रकार मुलगा बिचारा बिलं आणि रिकामे डबे घेऊन मीटिंगला आला. रंग बाहेरच्या भिंतींसाठीचा होता, चांगल्या प्रतीचा होता. अस्तराचा एक हात होता, रंगाचे दोन हात होते आणि वरून पारदर्शक थरही मारला होता. त्याची काही चूक सापडेना. आणि वासुदेवाला पायही उगवेनात.

यंदा एप्रिलमध्ये संपादकांचा फोन आला. दिवाळी अंकाचा विषय 'भिंत'. "चीनची भिंत, बर्लिनची भिंत असलं नको," ते म्हणाले, "जवळची एखादी बघ." जवळची भिंत माझ्या खिडकीतूनच दिसत होती.

रेघ कुणी मारली?

नीट पाहिलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. रंग कुठेही, कसाही उडाला नव्हता. जमिनीपासून साधारण कंबरेच्या उंचीवर एक वेडीवाकडी रेघ होती. तिच्या खाली सगळं उजाड आणि वर सगळं शाबूत. रेघेवर पांढरी भुकटी साचलेली. बोटानं घेऊन जिभेला लावली तर खारट लागली.

या भुकटीला आपल्या भाषेत शब्द आहे: लोणा. 'भिंतीला लोणा लागला' असं आजी म्हणायची, तेव्हा तो घराला झालेला रोगच वाटायचा. तो आहे मीठ आणि पाणी यांचा खेळ. वीट, दगड, गिलावा या सगळ्यांत केसाहून बारीक पोकळ्या असतात. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशा या पोकळ्या जमिनीतलं पाणी वर ओढतात. आपण अशक्य गोष्टीला 'वळचणीचं पाणी आढ्याला नेणं' म्हणतो. भिंत ते बारा महिने करत असते. आढ्यापर्यंत नाही पोचलं, तरी कंबरेपर्यंत पोचवतेच. तिथे वर चढणारं पाणी आणि वाऱ्यानं सुकणारं पाणी यांची बरोबरी होते आणि रेघ पडते.

जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारे एक कंत्राटदार भिंत बघायला आले. त्यांनी खिशातून काही यंत्र वगैरे काढलं नाही. स्वयंपाकघरातली जाड प्लास्टिकची पिशवी मागितली, कापून दीड फुटाचा चौकोन केला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवला. असाच दुसरा चौकोन वर, वासुदेवाच्या टोपीजवळ. "उद्या सकाळी बघा," म्हणाले. सकाळी वरचा कोरडा होता. खालच्याच्या आतल्या बाजूला दव जमलं होतं, भातावरच्या झाकणासारखं. बाहेर तर एप्रिलचं कोरडं ऊन. म्हणजे पाणी भिंतीच्या पोटातून आलं होतं.

मग त्यांनी मला भिंतीच्या पलीकडे नेलं. तिकडे आमची बाग आहे. दरवर्षी लाल माती टाकून टाकून वाफा दीड फूट वर आलेला, रोज संध्याकाळी नळीनं पाणी. भिंतीच्या डोक्यावरचं कोपिंग तडकलेलं, त्या भेगेतून पिंपळाचं रोप. "घराच्या भिंतीला छप्पर असतं, जोतं असतं, जोत्यावर ओल अडवणारा थर असतो," ते म्हणाले. "कंपाउंडच्या भिंतीला काय असतं? दोन्ही तोंडांनी पाऊस खाते, डोक्यानं पिते, पायानं पिते. शहरातली सगळ्यांत ओली भिंत हीच. आणि चित्रं काढायला तुम्हाला नेमकी हीच सापडते."

हे खरं आहे. घराची भिंत कुणी रंगवू देत नाही. शाळेची, उद्यानाची, रेल्वेलगतची, स्मशानाची कुंपणभिंतच चित्राच्या वाट्याला येते.

ऑक्टोबरचा घाव

पण पावसात टिकलेला रंग उन्हात का पडला? उत्तर मिठात आहे. विटेच्या मातीत, सिमेंटमध्ये, जमिनीत क्षार असतातच. त्यात आमच्याकडे खाडीची रेती. चाळीस वर्षांपूर्वी ठाणे-मुंबईत ती सर्रास बांधकामात यायची. पाण्याबरोबर हे क्षार विरघळून भिंतीतून फिरतात. पाणी उडून गेलं की मागे उरून त्यांचे खडे होतात. साध्या मिठाचा एक ठरलेला आकडा आहे: हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा खडा होतं. घरातली मिठाची बरणी आषाढात ओलसर आणि फाल्गुनात कोरडी असते, त्याचं कारण हेच.

पावसाळाभर किनारपट्टीची हवा या आकड्याच्या वरच असते. मीठ भिंतीत विरघळलेलं, गप्प. ऑक्टोबर उजाडला की दुपारी हवा कोरडी होते, पहाटे पुन्हा दमट. रोज खडा, रोज पाणी. प्रत्येक वेळी खडा वाढताना पोकळीच्या भिंतींना ढकलतो. भिंत उघडी असेल तर मीठ बाहेर येऊन भुकटी होऊन पडतं, झाडून टाकता येतं. पण वर प्लास्टिकसारखा रंगाचा पापुद्रा असेल तर पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. मीठ पापुद्र्यामागे साचतं आणि तिथूनच त्याला उचकटतं. म्हणजे आमच्या चित्रकारानं टिकावं म्हणून जो वरचा पारदर्शक थर मारला, त्यानंच वासुदेवाचे पाय लवकर ओढले.

मीटिंगमध्ये एका गृहस्थांनी सुचवलं होतं की आता वॉटरप्रूफ कोटिंगच मारून टाकू. कंत्राटदार हसले. "चोर घरात शिरलाय आणि तुम्ही बाहेरून कुलूप लावताय."

"भुतूरसून येता"

मे महिन्यात सावंतवाडीकडे गेले. जिथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथली माणसं भिंतीचं काय करतात, हे बघायचं होतं.

तिथली भिंत जांभ्याच्या चिऱ्याची. खाणीतून काढताना मऊ, उघड्यावर राहिला की कठीण होत जाणारा, स्पंजासारखा छिद्राळ दगड. तो पाणी पितो, हे तिथलं पोरही सांगेल. म्हणून जुन्या घराची सगळी रचना या पिण्याभोवती आहे. छपराची वळचण एवढी पुढे काढलेली की पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडतात. जोतं उंच. पागोळ्या जिथे पडतात तिथे दगडी चर. ज्या अंगाला झड लागते तिथे पावसाआधी नारळाच्या झापांचा आडोसा. आणि भिंतीच्या तळाला काव किंवा गेरूचा हात-दीड हाताचा पट्टा. तो शोभेचा वाटतो, पण त्याचं मोठं काम वेगळं आहे. अंगणातली तांबडी माती उडून तिथेच डाग पडतात, तिथेच ओल चढते, तोच भाग दरवर्षी पुन्हा सारवायचा असतो. रंगकामाचा सगळ्यांत दुबळा भाग त्यांनी आधीच वेगळा काढून ठेवलेला असतो.

एका घरी चुन्याचं काम चालू होतं. सत्तरीचे गवंडी, हातात थापी. मी फोनमधला वासुदेव दाखवला. त्यांनी चित्राकडे बघितलंच नाही, रेघेकडे बघितलं.

"रंगाक कित्याक दोष देतास, बाय? पाणी भायरसून नाय, भुतूरसून येता."

मग म्हणाले, सिमेंटचा गिलावा कठीण, चुन्याचा मऊ. कठीण गिलाव्यातून ओल निघत नाही, ती वर चढून दुसरी वाट शोधते. चुन्याच्या गिलाव्यातून ती जिथल्या तिथे सुकते. अंगणात चुना मुरत होता. भाजलेला चुना पाण्यात विरवून दिवसेंदिवस ठेवायचा, रेतीबरोबर मळायचा, त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा. पूर्वी हे मळणं बैलाच्या घाण्यात व्हायचं. आपल्या किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्याचं गोल दगडी वर्तुळ आजही दिसतं. विरवलेला चुना भिंतीवर गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत पुन्हा चुनखडीचा दगड होतो. घाई त्याला चालत नाही. गोणपाटं ओली करून दिवसचे दिवस त्याला जपावं लागतं.

"आणि लोणा लागला तर?" मी विचारलं.

"लागतलो. मीठ गिलाव्यात येतला, गिलावो पडतलो. भिंत रवतली. गिलावो पुन्ना करूचो."

भिंत वाचावी म्हणून गिलाव्यानं मरायचं. पडलेल्या रंगासाठी चाललेली आमची भांडणं त्या अंगणात फार लहान वाटली.

तांबड्याखालचं पांढरं

या किनाऱ्यावर ओल्या भिंतीवर चित्र काढायची एक जुनी रीत आहे. तिचं नाव कावी. काव म्हणजे तांबडी माती, तिच्यावरून. गोव्यात, दक्षिण कोकणात आणि खाली कारवार, होन्नावर, भटकळपर्यंतच्या देवळांवर आणि घरांवर ती आढळते. कर्नाटकातल्या कावीची चिकाटीनं नोंद केली ती होन्नावरचे शास्त्रज्ञ-लेखक डॉ. कृष्णानंद कामत यांनी. गोव्यात पेडणे तालुक्यात मोरजीचं मोरजाईचं देऊळ या कामासाठी ओळखलं जातं.

कृती ऐकायला सोपी आहे. भिंतीवर आधी पांढऱ्या चुन्याचा गिलावा. त्यावर चुन्यातच तांबडा रंग कालवून एक पातळ थर. हा वरचा थर ओला आहे तोवर लोखंडी टोकानं आकृती कोरायची आणि नको तिथला तांबडा खरवडून काढायचा, की खालचं पांढरं दिसू लागतं. कंपासनं काढलेली चक्रं, वेली, हत्ती, मोर, देवादिकांचे प्रसंग, सगळं दोनच रंगांत. मग घोटून गुळगुळीत करायचं.

किनाऱ्याजवळच्या एका लहानशा देवळात मी असं काम पाहिलं. (विश्वस्तांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, मागे एका भाविकानं जीर्णोद्धारासाठी फरशी देऊ केली होती आणि त्यावरून गावात अजून दोन तट आहेत.) बाहेरच्या भिंतीवर एक मोर आहे. पायथ्याशी शेवाळाची हिरवी झाक, एका ठिकाणी गिलावा पडलेला. पण मोर मोरच आहे. नखानं हळूच खरवडून पाहिलं. बोटाला रंग लागला नाही, पापुद्रा निघाला नाही. कारण तिथे पापुद्रा नाहीच. रंग चुन्यात आहे आणि चुना भिंतीत. पाणी आत येतं, बाहेर जातं, त्याला अडवणारं कुणी नाही.

रंगाची निवडही शहाणी आहे. तांबडी माती म्हणजे लोहाचा गंज. गंजलेल्या लोखंडाचं ऊन आणखी काय वाकडं करणार? आपल्या बाजारातले भडक लाल, पिवळे, गुलाबी रंग बऱ्याचदा सेंद्रिय रसायनांचे असतात आणि उन्हातले अतिनील किरण त्यांना मोडतात. उन्हात लटकत राहिलेलं सिनेमाचं पोस्टर शेवटी निळसर का दिसतं? त्यातला लाल-पिवळा आधी उडून जातो आणि निळा तग धरतो.

कावीचे शत्रू मात्र पाऊस आणि ऊन नाहीत. जीर्णोद्धारात भिंती पाडल्या जातात, चुन्यावर तैलरंग चढतो, चकचकीत फरशी बसते. ओलीनं जे काम शंभर वर्षांत केलं नसतं, ते एका देणगीनं पंधरा दिवसांत होतं.

लंडनची ओल, बव्हेरियाचं औषध

ओल्या भिंतीपुढे हरलेले आपणच नाही. लंडनचं संसद भवन १८३४ मध्ये जळालं. नव्या वेस्टमिन्स्टर राजवाड्याच्या भिंतींवर इतिहासाची प्रचंड चित्रं काढायचं ठरलं. इटलीतल्यासारखं ओल्या चुन्यावर रंगवायचं, म्हणजे फ्रेस्को. पण इंग्लंडची दमट हवा, ओलसर भिंती, शहरभरचा कोळशाचा धूर. पहिली चित्रं काही वर्षांतच खराब होऊ लागली. तेव्हा डॅनियल मॅक्लिस हा चित्रकार १८५९ मध्ये जर्मनीला गेला आणि 'जलकाच' वापरायची रीत शिकून आला. जलकाच म्हणजे वाळू आणि अल्क यांपासून केलेली पाण्यात विरघळणारी काच. ती रंगावर फवारून रंग भिंतीला जखडायचा. वेलिंग्टन आणि ब्लूखर यांच्या भेटीचं त्याचं भलंमोठं चित्र १८६१ मध्ये पुरं झालं. तेही पुढे निस्तेज झालंच. औषध बरोबर होतं, मात्रा जमली नव्हती.

ती जमवली बव्हेरियाच्या आडोल्फ विल्हेल्म काइमनं. १८७८ मध्ये त्यानं आपल्या रंगाचं पेटंट घेतलं. पोटॅशियम सिलिकेट आणि खनिज रंग यांचं हे मिश्रण चुन्या-वाळूच्या गिलाव्याशी रासायनिक संयोग करून घट्ट होतं. वर थर बसत नाही, रंग आणि गिलावा मिळून दगड होतो, आणि तरी पाण्याची वाफ आरपार जाते. स्वित्झर्लंडमधल्या श्वीत्स गावाच्या नगरभवनाचा चित्रमय दर्शनी भाग १८९१ मध्ये या रंगांत झाला. तिथला हिमवर्षाव आणि पाऊस सोसून तो उभा आहे, आजही लोक बघायला जातात.

हा रंग आज आपल्याकडेही मागवता येतो. पण त्याची एक अट आहे: खाली खनिज गिलावाच हवा, जुन्या प्लास्टिक रंगावर तो धरत नाही. म्हणजे आधी सगळं खरवडा. अट ऐकली की बहुतेक ग्राहक परत जातात.

भिंतीशी फारकत

दुसरी वाट भिंतीचा नाद सोडण्याची. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६३ मध्ये लखनौच्या रवींद्रालयासाठी केलेलं टागोरांच्या नाटकावरचं लांबलचक भित्तिशिल्प भाजक्या मातीच्या तुकड्यांचं आहे. रंगाची आणि आकाराची काळजी भट्टीत आधीच मिटलेली. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातली निळ्या अझुलेजो फरश्यांवरची चित्रं १९३५ सालची आहेत. ती छपराखाली आहेत हे खरं, पण झिलईखाली भाजलेल्या निळ्याला ओलीचं भय तसंही नाही. अर्थात फरशीमागची ओल तिलाही ढकलू शकते. ती नीट बसवली पाहिजे.

अमेरिकेत फिलाडेल्फियाचा भित्तिचित्रांचा उपक्रम १९८४ मध्ये, भिंतींवर फवारे मारणाऱ्या पोरांना कामाला लावायचं म्हणून, जेन गोल्डन यांच्या हाताखाली सुरू झाला. तिथे बरीच चित्रं आता घरात बसून पातळ न विणलेल्या कापडावर रंगवतात आणि मग भिंतीवर चिकटवतात. सोय मोठी: पाऊस, परांची, थंडी, कशाचीच अडचण नाही. पण ओल्या भिंतीवर हे कापडही शेवटी पापुद्राच. अशा ठिकाणी सिमेंटच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चित्र काढून ते भिंतीपासून बोट-दोन बोटं पुढे, पट्ट्यांवर बसवणं शहाणपणाचं. मागून हवा खेळते. भिंत आपल्या ओलीशी भांडत राहते, चित्र आपल्या जागी.

परांचीवरून

जुलैत मुंबईत हिंडले. वांद्रे रेक्लमेशनला टेलिफोनच्या इमारतीवर रंजित दहिया यांनी २०१४ मध्ये दादासाहेब फाळके रंगवले. ससून डॉकमध्ये २०१७ साली मासळीच्या वासात भिंतींवर कोळिणी अवतरल्या. या मोठ्या कामांमागे तयारी असते, अनुभवी हात असतात. उंच इमारतीचं दुखणंही वेगळं: तिथे जमिनीची ओल पोचत नाही, भेगा आणि गळके पाइप मारतात.

मला भेटायचं होतं ते लहान कामं करणाऱ्याला. उपनगरात एका शाळेच्या पत्र्याच्या छपराखाली असा एकजण भेटला. जे. जे.मध्ये शिकलेला, वर्षाला वीस-पंचवीस भिंती करतो. त्यानं हिशोब सांगितला. काम डिसेंबरच्या शेवटी मिळतं आणि सव्वीस जानेवारीला उद्घाटन असतं. किंवा स्वच्छ सर्वेक्षणाची टीम येणार असते आणि 'भिंती बोलक्या करा' असा निरोप येतो. हातात मोजके दिवस. भिंतीवर नवा सिमेंटचा गिलावा परवाच झालेला असतो.

"नवा गिलावा निदान चार आठवडे तरी तसाच ठेवायला हवा, मॅडम. त्यात अल्क असतं, ते रंगाला खातं. पण साहेब म्हणतात, सुकला की, हात लावून बघा. वरून सुकतो हो. आत काय आहे ते कुणाला दिसतंय?"

"मग काय करता?"

"लांबी भरतो, अस्तर मारतो, रंगवतो. फोटो चांगला येतो."

तो हे लाजेनं सांगत नव्हता. ज्याला चौरस फुटावर पैसे मिळतात, त्याला भिंतीची नाडी बघायचे पैसे कुणीच देत नाही. निविदेत चित्राचं माप असतं, रंगाची प्रत असते, कधी गॅरंटीही असते. कोपिंग दुरुस्त करणं, माती खाली उतरवणं, गळका पाइप बदलणं या ओळी दुसऱ्या खात्याच्या. त्या खात्याला चित्राचं सोयरसुतक नाही आणि चित्राच्या खात्याला पाण्याचं.

त्याची स्वतःची युक्ती मात्र मला आवडली. तो आता तळाचे दोन फूट चित्रात घेतच नाही. तिथे काळा-तांबडा खडकाचा किंवा जमिनीचा पट्टा काढतो. "तो उडाला तरी मी एकटा येऊन दोन तासांत परत मारतो. माणसांचे पाय त्याच्या वर असतात." कोकणातल्या घरांचा गेरूचा पट्टा त्यानं कधी पाहिला होता का, विचारलं. त्याचं आजोळ कुडाळचं निघालं.

परत येणारे

सगळ्याच चित्रांना टिकायचं नसतं, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या भिंतीवर गेरूचा हात देऊन सवाष्णी तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहितात. लग्न झालं की चौकाचं काम झालं. पुढच्या लिंपणाखाली तो जातो आणि पुढच्या लग्नाला नवा येतो. जिव्या सोमा मशे यांनी ही रेषा कागदावर, कापडावर नेली आणि ती जगभर गेली. पण घरातला चौक अजून लिंपणाच्या आयुष्याएवढाच जगतो.

शांतिनिकेतनात मातीची 'कालो बाडी' (काळं घर) आहे. १९३०च्या दशकात नंदलाल बोस आणि रामकिंकर बैज यांच्या देखरेखीत विद्यार्थ्यांनी मातीच्या भिंतींवर उठावाची चित्रं केली आणि पाऊस व वाळवी यांपासून वाचावी म्हणून त्यांवर डांबर चढवलं. बंगालचा पाऊस काही कमी नाही. ती उभी आहे, कारण पिढ्यानपिढ्या कुणीतरी डांबराचा डबा घेऊन तिच्याकडे परत जातं. त्याच आवारात सुब्रमण्यन यांनी एका इमारतीवर काढलेली काळी-पांढरी चित्रं पुढे त्यांनीच, वयाची ऐंशी उलटल्यावर, परांचीवर चढून नव्यानं काढली.

इतकं हिंडल्यावर माझ्यापुरता हिशोब झाला. ओल्या भिंतीवर चित्र दोनच रीतींनी टिकतं. एक तर रंग भिंतीत मुरून भिंतच व्हावा, कावीसारखा, श्वीत्सच्या सिलिकेटसारखा. नाहीतर माणसानं वेळोवेळी त्या भिंतीकडे परत यावं, वारली बायांसारखं. आपण तिसरी रीत काढली आहे: महागडा पापुद्रा चढवायचा, फोटो काढायचा आणि परत कधी फिरकायचं नाही.

इंचाला महिना

सोसायटीनं शेवटी काय केलं ते सांगते. आधी बागेतली माती उतरवली, वाफा भिंतीपासून दोन फूट लांब नेला, मधे खडीचा चर केला. कोपिंग नवं केलं, दोन्ही बाजूंना पुढे काढून, खालून बारीक खाच पाडून, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता तिथूनच गळून पडतं. पिंपळाला मुळासकट काढलं. रेघेच्या वर दीड फुटापर्यंत सिमेंटचा गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या. विटांमधल्या दरजा उकरल्या. लोणा कोरड्या ब्रशनं झाडला, पाण्यानं धुतला नाही. धुतला असता तर मीठ विरघळून पुन्हा आतच गेलं असतं. या सगळ्यात रंगाचा एक थेंब नाही, आणि खर्च पहिल्या चित्राहून जास्त झाला. त्यावर मीटिंगमध्ये काय झालं ते लिहीत नाही.

मग वाट बघणं. भिंत सुकायचा गवंड्यांचा अंदाज आहे: इंचाला महिना. नऊ इंची भिंत एका अंगानं सुकत असेल तर नऊ महिने. आपल्याकडे दोन पावसाळ्यांच्या मधे धड आठही मिळत नाहीत. आमची दोन्ही अंगांनी उघडी आहे, म्हणून आशा आहे. उघड्या विटांना यंदाचा पाऊस मुद्दाम खाऊ दिला. कोपिंगमधून गळतं का, चरात पाणी तुंबतं का, हे पावसातच कळतं. दिवाळी झाली की चुन्याचा गिलावा होईल.

तुमच्याही शाळेच्या, वाचनालयाच्या, सोसायटीच्या भिंतीवर चित्र काढायचं घाटत असेल, तर चित्रकाराला बोलवायच्या आधी एक पावसाळा ती भिंत बघा. श्रावणात तिच्यासमोर छत्री घेऊन उभे राहा, पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते खडूनं मांडा. ऑक्टोबरात पुन्हा जा, लोणा कुठे फुटतो ते पाहा. प्लास्टिकचा चौकोन चिकटवून एक रात्र थांबा. गवंड्याला आधी पैसे द्या, चित्रकाराला नंतर, आणि दोघांनाही पुढच्या वर्षी परत बोलवायचे थोडे राखून ठेवा.

हा लेख पाठवायच्या आदल्या रात्री मी भिंतीवर नवा चौकोन लावला होता. सकाळी त्याच्या खालच्या कडेला दवाची एक ओळ होती, वरचा भाग कोरडा. एप्रिलमध्ये पूर्ण चौकोन ओला होता. चित्रकार मुलगा येऊन बघून गेला. वासुदेवाचे पाय तो फेब्रुवारीत काढणार आहे, आणि त्यांच्या खाली दोन फूट गेरूचा पट्टा सोडणार आहे.